हिवराटोल्याचा जपानी डायरेक्टर

जपानी पद्धतीनं धान कसं रोवायचं ते आम्हाला शिकवायला जो डायरेक्टर आमच्या हिवराटोल्यात आला होता, तो जपानी नव्हताच. हे मी पहिल्या झटक्यात सांगून टाकतो. कारण ही गोष्ट सांगणारे आता गावात ढीगभर झाले आहेत आणि एकजण धड सांगत नाही. बकाराम सांगतो तेव्हा त्यात बकारामच जास्त असतो. मंदाबाईला विचाराल तर ती फक्त दोरीचं सांगते. खरं काय झालं ते मला ठाऊक, कारण दोन्हीकडचं बोलणं माझ्याच तोंडातून जाऊन राहिलं होतं. दुभाषा होतो मी. चैतराम माझं नाव. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधात हसलेलं मला खपत नाही.

मला जपानी कसं येते? एकेचाळीस साली घरी भांडून पलटणीत गेलो. सिंगापुरात पोहोचलो, बूट कोरडे व्हायच्या आत जपान्यांनी धरलं. साडेतीन वर्षं छावणीत काढली. तिथं जी भाषा शिकलो ती म्हणजे काय? रांगेत उभा राहा. मोज. वाक. आणखी वाक. खरं सांग, रताळं कोणी चोरलं? बोलता येते ते एवढंच, कानावर पडून समजते मात्र बरंच. एवढी माझी विद्या. पण गावात परत आल्यावर चार लोकांत थोडी फुशारकी मारली होती, की आपण जपानी फाडफाड बोलतो. ती फुशारकी नऊ वर्षांनी अंगलट आली.

चोपन सालचा आषाढ होता. आमगावच्या रस्त्यानं एक जीप आली. त्यात शेतकीतले एक साहेब, दोन जपानी, एक मोठी पेटी, आणि दोरीची भेंडोळी. त्या वर्षांत सरकारला जपानी पद्धतीचं याड लागलं होतं. धान म्हणे दोरी लावून सरळ रेषेत रोवायचं, वीत-वीत अंतरावर. आमच्या बाया आजीच्या आजीपासून रोवून राहिल्या, डोळे मिटून रोवतील, आणि त्यांना दोरी! पण झालं काय, की जपानच्या एका सिनेमा कंपनीला दहा मिनिटांचा सिनेमा काढायचा होता: हिंदुस्थानातले शेतकरी आमची पद्धत कसे आनंदानं शिकले. साहेबांनी पाहुण्यांना बकारामच्या घरी उतरवलं, मला म्हणाले, "चैतराम, तुम बात करो इनसे," आणि सर्दी झाली म्हणून संध्याकाळच्या आत निघून गेले. सहाव्या दिवशी जीप परत येईल, तेवढ्यात काय ते उरका.

सारं गाव गोळा झालं. मागं हटायची सोय नव्हती. मी छाती काढली आणि मला जेवढ्या आवाजात ती भाषा येते तेवढ्या आवाजात ओरडलो, "रांगेत उभे राहा! नावं सांगा!"

दोघेही टाचा जुळवून ताठ उभे राहिले. जाडा होता तो कॅमेऱ्याचा माणूस, ओगावा. चष्मेवाला हडकुळा होता तो डायरेक्टर, कानेमोतो. लोकांनी तोंडात बोटं घातली. "बाप्पा! चैतरामचं आयकते नं हे!"

पहिला प्रश्न रुख्माबाईनं विचारला. रुख्माबाई म्हणजे आमच्या रोवणाऱ्या बायांची मुकडदम. चाळीस बाया तिच्या आवाजामागं चालतात, आणि नवरे बायांच्या मागं. ती म्हणाली, "कोनाचा होय हा? बापाचं नाव काय? गाव कोनतं?"

आमच्याकडे हे आधी विचारतात, मग पाणी देतात. बैल घेतानाही विकणाऱ्याच्या बापाचं नाव विचारतात. मी कानेमोतोला ओरडून विचारलं. तो नुसता हसला आणि त्यानं पेटीतले फिल्मचे डबे काढून दाखवायला सुरुवात केली. नऊ डबे होते.

"बापाचं नाव सांगत नाही तो एक तं चोर, नाही तं घरजावई," रुख्माबाई म्हणाली आणि घरी गेली.

दोन दिवस पावसानं दम खाऊ दिला नाही. आम्ही बकारामच्या ओसरीत बसून होतो. बकारामच्या घरच्यांनी भात, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ओगावानं बोटाच्या टोकावर ठेचा घेतला, चाटला, आणि डोळे पुसत आत जाऊन झोपला. कानेमोतोनं मात्र अख्खा गोळा भातात कालवला, आणखी मागितला, वरून दोन हिरव्या मिरच्या काकडी खावी तशा खाल्ल्या. मग पोटावर हात फिरवत काहीतरी गुणगुणायला लागला.

ते गाणं कानावर आलं आणि माझा घास हातातच राहिला. छावणीत एक पहारेकरी होता. दिवसा माझ्या कानाखाली वाजवायचा, आणि संध्याकाळी कुंपणाजवळ बसून हेच गाणं म्हणत रडायचा. तो जपानी नव्हता, कोरियाचा होता. जपान्यांनी धरून आणलेला, आमच्यासारखाच.

आता हळूच विचारायचं तर माझ्याजवळ हळू शब्दच नाहीत. मी ओरडलो, "खरं सांग! तू कोरियाचा!"

त्याच्या हातातला गडवा पडला. त्यानं आधी आत पाहिलं. ओगावा घोरून राहिला होता. मग त्यानं माझ्यापुढं हात जोडले आणि लहान लेकराला सांगावं तसं एकेक शब्द सोपा करून सगळं सांगितलं. मी मधात मधात "मोज!" आणि "आणखी!" म्हणत राहिलो, दुसरं काही येतच नव्हतं.

त्याचा बाप कोरियातून ओसाकाला काचेच्या कारखान्यात आला. हा तिथंच जन्मला. चौदाव्या वर्षी सिनेमाच्या कंपनीत झाडू मारायला लागला. मग नटांचे जोडे उचलले. मग छत्री धरायचं काम मिळालं. हिरोच्या डोक्यावर छत्री तर हवी, पण कॅमेऱ्यात दिसायला नको. हा अशी धरायचा की कधी दिसली नाही. त्या छत्रीवर खूश होऊन एका डायरेक्टरनं त्याला हाताखाली घेतलं. अकरा वर्षं हाताखाली. नाव जपानी घेतलं तेव्हाच. मग दोन सिनेमे स्वतः काढले. पहिल्यात एका तलवारबहाद्दराची दाढ दुखते, पूर्ण सिनेमाभर दुखते, तो चालला. दुसरा त्याला काचेच्या कारखान्यातल्या मजुराचा काढायचा होता. कंपनीनं त्यात तीन गाणी आणि एक कुत्रा घालायला लावला. कुत्र्याची वाहवा झाली, पोस्टरवर पण कुत्राच.

"आणि मग?"

मग दोन वर्षांखाली सरकारनं कागद काढला, की तुमच्यासारखे लोक आता या देशाचे नाहीत. तेव्हापासून त्यानं तोंड शिवून घेतलं. कंपनीत कोणालाच ठाऊक नाही, म्हणाला. सहा वर्षं बरोबर फिरणाऱ्या ओगावालासुद्धा नाही. कळलं तर डायरेक्टरकी संपली. आणि हा धानाचा सिनेमा नऊ डब्यांत नीट बसवून नेला, तर कंपनी त्याला त्याच्या मनातला मोठा सिनेमा देणार होती. नाही बसवला, तर परत छत्री.

"परत छत्री," तो दोनदा म्हणाला, आणि ठेच्याचं बोट चाटलं.

मी शब्द दिला, कोणाला सांगणार नाही. खरं सांगतो, मला राग येऊन राहिला होता. त्या भाषेत साडेतीन वर्षं मार खाल्लेला माणूस मी. मनात ठरवलं होतं, या जपान्याला चांगला रडवायचा. आणि हा लेकाचा त्याच भाषेत माझ्यापेक्षा जास्त मार खाल्लेला निघाला. मग काय करता? गेला राग वाया.

तिसऱ्या दिवशी उघडलं. बकारामच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शूटिंग लागलं. गुडघाभर चिखल, कडेच्या मातीच्या धुऱ्यावर सारं गाव. पहिलं काम मंदाबाईचं: खुंटीला दोरी बांधायची. तिनं बांधली. कानेमोतोनं मान हलवली, झालं, पुढं चला.

मग रुख्माबाई. तिनं पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी घेऊन दोरीच्या कडेनं रोवत जायचं होतं. ती रोवत गेली. कानेमोतोनं वाकून नमस्कार केला, एक बोट वर केलं, आणि मला म्हणाला, पुन्हा.

धुऱ्यावर आधी कुजबुज झाली. मग टाळ्या.

आता तुम्ही आमच्या झाडीपट्टीतले नसाल तर तुम्हाला हे समजायचं नाही. दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई भरते आणि मंडईत नाटक असते. नट आवडला की लोक ओरडतात, वन्स मोअर! की त्यानं तो प्रवेश पुन्हा करायचा. यापेक्षा मोठा मान नाही. आमचा बकाराम खलनायक होतो आणि शेवटी मरतो. एका मंडईत तो सात वेळा मेला. आठव्यांदाही मेला असता, पण बिडी प्यायला गेला होता. ते सात वन्स मोअर आमगाव ते तिरोडा लोकांना अजून पाठ आहेत. आणि नियम असा, की दुसऱ्यांदा करायचं तर पहिल्यापेक्षा जास्त करायचं. जेवढं केलं तेवढंच परत केलं तर लोक म्हणतात, याच्या पोटात काही उरलं नाही.

तर रुख्माबाईला, बाईमाणसाला, जपानहून आलेल्या डायरेक्टरनं सगळ्या गावासमोर वन्स मोअर दिला! माझीसुद्धा छाती फुगली. मी ओरडलो, "काकी, आणखी जोरात!"

दुसऱ्यांदा तिनं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहत पाहत रोवलं. कानेमोतोनं पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्यांदा तिनं पेंढी तलवारीसारखी उगारली आणि मग रोवली. चौथ्यांदा गाणं म्हटलं. पाचव्यांदा शेजारच्या शामकलाला ओढून घेतलं आणि दोघींनी फेर धरला, पऱ्हे चारी दिशांना. सहाव्यांदा तिनं एकच काडी रोवली आणि तिच्याकडे पाहून ढसाढसा रडली. धुऱ्यावरच्या बायाही रडल्या. काऊन रडल्या ते त्यांनाही ठाऊक नाही, पण रंग असा चढला होता की बाप्पा! कानेमोतो आपली टोपी चावून राहिला होता. मला वाटलं, त्यालाही भरून आलं.

दोन डबे संपले आणि मंदाबाई कुठं गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ती घरी गेली होती. खुंटीवरची दोरी सोडून, सोबत घेऊन.

मी बोलवायला गेलो तर दाराआडून म्हणाली, "तिले सहादा आन् मले एकदाच? दोरी काय वाईट बांधली म्या? माह्या माहेरी कळलं तं काय म्हनतील?"

मी परत येऊन कानेमोतोला सांगितलं, की मंदाबाईला पण पुन्हा करायला लाव, नाही तर दोरी मिळत नाही. त्याला काही उमगलं नाही. पण दोरीशिवाय जपानी पद्धत दाखवायची कशी? त्यानं तिला तीनदा दोरी बांधायला लावली. तिसऱ्यांदा तिनं दोरीला वेणीसारखे पेड घालून टोकाला करदोड्याची गाठ मारली. ओगावा प्रामाणिक माणूस, प्रत्येक वेळी कॅमेरा फिरवत होता. तिसरा डबाही गेला.

चौथ्या दिवशी चाळीसच्या चाळीस बाया नवी लुगडी नेसून चिखलात उतरल्या. जिला बघाल तिला वन्स मोअर पाहिजे. शामकला मुद्दाम पडली. पडल्यावर डायरेक्टरनं बोट वर केलेलं पाहून तिच्या मागच्या सात जणी पडल्या. दुपारी बकारामची पाळी आली. त्याला करायचं होतं फक्त एवढं, की धुऱ्यावर उभं राहून आपल्या शेताकडे पाहायचं आणि समाधानानं हसायचं. तो उभा राहिला. हसला. मग त्यानं छातीवर हात ठेवला, तीन गिरक्या घेतल्या आणि मेला.

कानेमोतो धावत माझ्याकडे आला. "शेतमालक काऊन मरून राहिला?"

सवय या शब्दाला जपानी मला येत नव्हतं. मी म्हणालो, "रोज मरतो."

त्यानं बोट वर केलं. बकाराम उठला, लोकांना नमस्कार केला, आणि आधीपेक्षा सावकाश मेला. पाय झाडत. असा चारदा. चौथ्या वेळी मरता मरता त्यानं शेत मोठ्या पोराला देऊन टाकलं.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत आठ डबे रिकामे झाले. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आणि मुख्य काम तर राहूनच गेलं होतं: सगळ्या बाया एका ओळीत, दोरीच्या कडेनं, सरळ रोवत मागं सरकत जातात, एवढा एक लांब शॉट. त्याच्याशिवाय बाकीचं सगळं फुकट.

कानेमोतो जांभळाच्या झाडाखाली शेवटचा डबा मांडीवर घेऊन बसला. तो म्हणाला, "माझ्याकडे नटाला पुन्हा कर म्हटलं, की तो लहान होतो. इथं मोठे होतात. मी सांगतो कमी करा, हे वाढवतात. काऊन?"

"पण तू पुन्हा काऊन सांगतोस?" मी विचारलं.

"चुकते म्हणून."

"चुकते म्हणून?"

"मग कशासाठी?"

माझ्या डोक्यात सणक गेली. तीन दिवस मी गावभर मिरवून राहिलो होतो, रुख्माकाकीचे सहा, बकारामचे चार! आता शहाणा माणूस काय करतो? बायांना एकेकीला बाजूला घेऊन गोड बोलून सांगतो. मी शहाणा नाही. मी तडक बांधीवर गेलो आणि ओरडलो, "अवो बायाहो, मान नोहे तो! चुका काढून राहिला तो तुमच्या! एकेकीच्या सहा-सहा चुका!"

रुख्माबाईनं हातातली पेंढी चिखलात ठेवली, लुगड्याला हात पुसले आणि धुऱ्यावर जाऊन बसली. तिच्या मागून एकेक करत चाळीसही जणी. बकाराम घरात जाऊन पांघरूण घेऊन झोपला. एकटी मंदाबाई उजळली. "म्हनजे पयल्यांदा माह्यंच बरोबर होतं!" पण बसली तीही धुऱ्यावरच, सगळ्यांत उंच जागी.

कानेमोतो धावत आला. हात जोडले, वाकला, आणखी वाकला. सकाळी उपटलेले पऱ्हे उन्हात माना टाकून राहिले होते. मागं ओगावा कॅमेरा लावून तयार, शेवटचा डबा त्यात चढवलेला.

"काकी, उठ वो," मी म्हणालो. "गरिबाचं नुकसान होते."

रुख्माबाई म्हणाली, "चुका काढ नं, ना कोन म्हनते? माही सासू वीस वर्सं काढत होती. पन ती कोनाची, कुठली, सारं माहीत होतं मले. चूक काढनाऱ्याचं घर तं माहीत पायजे का नाही? आल्या दिवशी इचारलं याले, बापाचं नाव सांग. हसला. त्याले म्हना, आता तरी सांग. बापाचं नाव, गावाचं नाव. मंग म्हन माह्यं रोवनं वाकडं. सांगतलं तं उठतो आमी. नाही तं घेऊन जाय आपली पेटी."

आता आली का पंचाईत! हे मला जपानीत सांगायचं होतं, आणि चार हातांवर ओगावा उभा. मी खूप प्रयत्न केला हळू बोलायचा. पण माझ्या जपानीत हळू आवाजच नाही. छावणीत कोणी कधी हळू बोललंच नाही आमच्याशी. मी ओरडलो, "बापाचं नाव सांग! गाव सांग! खरं सांग!"

कानेमोतोचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ओगावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळ्यानं खुणावलं, अरे फेक नं काहीतरी. जपानी नाव फेक, जपानी गाव फेक. या बायांना काय कळते? एक खोटं बोल, बाया उठतील, शॉट होईल, तुझा मोठा सिनेमा तुला मिळेल. एवढं सोपं होतं. आणि त्यानं तोंड उघडलंही. "कानेमोतो..." म्हणाला.

आणि थांबला. नंतर त्यानं मला सांगितलं, की कागदावर तो पन्नास ठिकाणी बिनदिक्कत खोटं लिहून आला होता. पण त्याची आजी दारात कोणीही आला की पाण्याच्या आधी हेच विचारायची. कोणाचा? कुठला? आणि समोर कोपरापर्यंत चिखल लागलेल्या चाळीस आज्या बसल्या होत्या.

त्यानं टोपी काढली. टाचा जुळवल्या. "किम," तो म्हणाला. मोठ्यानं, माझ्यापेक्षा मोठ्यानं. "किम सोक-चिल. बाप किम ओक-दोल. गाव सामगोल, कोरिया."

रुख्माबाईनं ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. "किम. बाप ओकदोल. सामगोल कोनत्या बाजूले येते?"

"समुद्राकडे."

"धान होते?"

"होते."

"मंग पयलेच सांगाले काय झालं होतं गा बावा तुले? पाच दिवस आमी तुले चोर समजून राहिलो!"

बाया हसल्या, पदर खोचायला लागल्या. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी ओगावाकडे पाहून राहिलो होतो. तो कॅमेऱ्याची काच फडक्यानं पुसत होता. पुसून झाली, आणि मान वर न करताच म्हणाला, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?" डायरेक्टर म्हणाला.

"सहा वर्षं झाली. तू झोपेत शिव्या देतोस त्याच भाषेत. शिवाय मिरच्या. सगळ्या कंपनीला ठाऊक आहे. मालकाच्या बायकोलाही. आमच्या कुत्र्यालाही ठाऊक असेल."

"मग कोणी बोललं काऊन नाही?"

"तू बोलला नाहीस म्हणून. आणि तुझ्याएवढ्या स्वस्तात दुसरा कोण राबणार होता?"

किम तसाच्या तसा मटकन चिखलात बसला. इतकी वर्षं या माणसानं जीव मुठीत धरून एक गोष्ट लपवली, आणि ती फक्त त्यालाच लपलेली वाटत होती! तो हसत होता की रडत होता ते मला काही समजलं नाही. मग त्यानं त्याच्या भाषेत एक कचकचीत शिवी दिली. ती शिवी मी ओळखली, छावणीत रोज खायचो. पहिल्यांदा कानाला गोड लागली.

प्रत्येक शॉटच्या आधी ओगावा एक लहान काळी पाटी कॅमेऱ्यासमोर धरायचा, सिनेमाचं नाव, नंबर आणि डायरेक्टरचं नाव लिहिलेली. ती त्यानं आता पुढं केली. "डबा शेवटचा आहे," तो म्हणाला. "ठाऊक असणं वेगळं आणि पाटीवर असणं वेगळं. पाटी फिल्ममध्ये उतरते. एकदा उतरली, की आम्हाला माहीत नव्हतं असं कंपनीला म्हणता येणार नाही. मग काय करतील ते तुला कळते. काय लिहू? जुनंच ठेवू?"

पुढचं आताच सांगून मोकळा होतो. कंपनीनं त्याला ठेवलं नाही. टोकियोला पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी हाकललं. तीन वर्षं त्यानं लग्नाचे फोटो काढले, मग एका फाटक्या कंपनीत काचेच्या कारखान्याचा सिनेमा काढला, कुत्र्याशिवाय. पत्रात लिहितो, अकरा दिवस चालला, आणि दुसरा लिहायला घेतला आहे. म्हणजे त्या बांधीत उभा असताना आपण काय घालवून बसणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं. वेडा नव्हता तो.

त्यानं पाटी हातात घेतली. शर्टाच्या बाहीनं वरचं नाव पुसलं. खडू मागितला तर तो ओगावाच्या ओल्या खिशात विरघळून गेला होता. तेव्हा त्यानं बोट चिखलात बुडवलं आणि चिखलानंच लिहिलं, सावकाश, शाळेतल्या पोरासारखं जीभ दाताखाली धरून.

रुख्माबाई त्याच्या खांद्यावरून वाकून पाहून राहिली होती. तिला आमची अक्षरंही वाचता येत नाहीत, पण मोजता येतात. "हे एकट्याचंच दिसते," ती म्हणाली. "बापाचं?"

मी ओरडून सांगितलं. त्यानं पुन्हा चिखल घेतला आणि खाली बापाचं लिहिलं.

"आन् गावाचं?"

त्यानं गावाचंही लिहिलं. पाटी काठोकाठ भरली. ओगावानं ती हातात घेऊन वरून पाहिली, खालून पाहिली आणि वैतागून विचारलं, की आता नंबर कुठं लिहायचा?

"नंबर राहू दे," किम म्हणाला.

बाया चिखलात उतरल्या. मंदाबाईनं दोरी बांधली. मला पाटी धरायला दिली आणि मी ती दोन्ही हातांनी, छातीशी, ताठ उभा राहून धरली. चिखल ओला होता, नाव ओघळेल म्हणून मी श्वाससुद्धा घेतला नाही.